नेटवर्क सायन्स शिकायचंय (बायोलॉजी + समाज), सुरुवात कुठून करू?

निळीशाई: मंडळी, मी बायोटेकवाली, सध्या प्रोटीन इंटरॅक्शनवर थोडं काम चाललंय आणि त्यात सारखे हब (खूप जोडण्यांचा बिंदू), सेंट्रॅलिटी (जाळ्यात कोण किती महत्त्वाचं याचं माप), मॉड्यूल (आपसात घट्ट जोडलेला गट) असले शब्द येतात, पेपर वाचताना मान डोलावते पण खरं म्हणजे वरवरच कळतं. हेच गणित रोगांच्या साथी, अफवा, मैत्री यांनाही लावतात म्हणे, तेही वाचायचंय. पायथॉन कामापुरतं येतं, गणित बेताचं. पुस्तक, कोर्स, सॉफ्टवेअर काहीही सुचवा, फक्त "गूगल कर" नको, ते करूनच डोकं गरगरतंय.

अर्धविराम: बाराबाशीचं 'नेटवर्क सायन्स' ऑनलाइन फुकट आहे, डोळे झाकून तिथून सुरू करा. चित्रं भरपूर, आणि अवघड गणित प्रकरणाच्या शेवटी वेगळं काढलंय, पहिल्या वाचनात सरळ गाळा. खोलात जायचं झालं तर न्यूमनचं 'नेटवर्क्स', २०१८ ची दुसरी आवृत्ती. ते मात्र सलग वाचायचं नाही, अडलं की उघडायचं.

पानगळ: +१, पण बाराबाशी वाचून झाला की माणसाला जिकडेतिकडे पॉवर लॉ (बहुतेकांना थोड्या जोडण्या, मोजक्यांना प्रचंड) दिसायला लागतो, तेवढं सांभाळा. १९९९ च्या बाराबाशी-अल्बर्ट पेपरनंतर जो तो "आमचं नेटवर्क स्केल-फ्री" (म्हणजे पॉवर लॉवालं) म्हणत सुटला. २०१९ मध्ये ब्रॉयडो आणि क्लॉसेट यांनी हजारच्या आसपास नेटवर्कं नीट तपासली तर ठाम पुरावा फार थोड्यांत निघाला, बहुतेक ठिकाणी लॉगनॉर्मल (पॉवर लॉसारखंच दिसणारं दुसरं वितरण) तितकंच किंवा जास्त चांगलं बसतं. लॉग-लॉग (दोन्ही अक्षांवर लॉग) आलेखावर रेघ सरळ दिसली म्हणजे पॉवर लॉ झाला असं नसतं हो.

कंदील: निळीशाई, तुमच्या कामाचं सांगतो. स्ट्रिंग डेटाबेस (प्रोटीनांमधल्या जोडण्यांचा साठा) वापरत असाल (वापरतच असाल) तर आधी बघा की एज, म्हणजे दोन बिंदूंमधली रेघ, तिथे नक्की काय सांगते. तिथे दोन प्रोटीन प्रत्यक्ष चिकटतात म्हणूनच रेघ असते असं नाही, एकत्र एक्स्प्रेस होतात, पेपरांत नावं शेजारीशेजारी येतात, त्यावरूनही रेघ येते. फिजिकल सबनेटवर्कचा पर्याय आहे तो निवडून बघा, आणि स्कोअरची (जोडणीवर किती भरवसा त्याची) मर्यादा ०.४ वरून ०.७ वर नेऊन बघा, अर्धे "हब" गळाले तर समजून जा काय ते.

दुसरं म्हणजे, २००१ मध्ये जेओंग वगैरेंनी यीस्टवर दाखवलं की जास्त जोडण्यांची प्रोटीनं काढली तर पेशी मरण्याची शक्यता जास्त. पेपर सुंदर आहे, जरूर वाचा. पण माणसाच्या डेटात पी५३ (कॅन्सर रोखणारं प्रसिद्ध प्रोटीन) नेहमी हब दिसतं त्यात त्याच्यावर लोकांनी किती काम केलंय याचाही वाटा आहे, ज्याच्यावर जास्त प्रयोग त्याच्या जोडण्या जास्त सापडणार. म्हणून प्रत्येक नोडची (बिंदूची) डिग्री, म्हणजे जोडण्यांची संख्या, तशीच ठेवून एजेसची अदलाबदल केलेली हजारेक रँडम नेटवर्कं बनवायची आणि आपला आकडा त्यांच्यात कुठे पडतो ते बघायचं, त्याशिवाय सेंट्रॅलिटीवर एक वाक्य लिहू नका.

टेकडीवरचा: समाजाच्या बाजूने सुरुवात झॅकरीच्या कराटे क्लबने करा. १९७७ चा डेटा, ३४ माणसं, ७८ मैत्र्या. मास्तर आणि अध्यक्ष यांच्या भांडणात क्लब फुटला आणि झॅकरीने निव्वळ मैत्रीच्या जाळ्यावरून कोण कुणाकडे जाणार ते एक माणूस सोडून बरोबर सांगितलं. चुकलेला तो ९ नंबरचा, त्याचे मित्र दुसऱ्या गटात पण ब्लॅक बेल्टची परीक्षा ३ आठवड्यांवर आलेली, त्यामुळे तो मास्तरांबरोबर गेला. हे कुठल्या एजमध्ये मावणार, सांगा! नेटवर्कएक्समध्ये (पायथॉनची लायब्ररी) हा डेटा आयता मिळतो, पण तिथे मोजणी शून्यापासून आहे, म्हणजे ९ नंबरवाला ८ होतो.

अवांतर: साथींसाठी फ्रेंडशिप पॅराडॉक्स वाचाच. फेल्डने १९९१ मध्ये मांडला, सरासरीने आपल्या मित्रांना आपल्यापेक्षा जास्त मित्र असतात. क्रिस्ताकिस आणि फाउलर यांनी २००९ च्या फ्लूत हार्वर्डच्या विद्यार्थ्यांवर तो वापरला, काहींना रँडम निवडलं आणि काही असे जे कुणीतरी मित्र म्हणून सांगितलेले, तर या दुसऱ्या गटात साथ जवळपास दोन आठवडे आधी पोचली. अख्खं जाळं माहीत नसतानाही!

निळीशाई: बापरे, केवढं मिळालं, वाखु (वाचनखूण) साठवलीये. गेफी, सायटोस्केप (जाळ्यांची चित्रं काढणारी सॉफ्टवेअर) की सरळ कोड?

कंदील: मोजमाप कोडमध्ये, चित्र सायटोस्केपमध्ये. नेटवर्कएक्स शिकायला सोपं पण मोठ्या जाळ्यावर रडतं, तिथे आयग्राफ (तसलीच पण वेगवान लायब्ररी) घ्या, मॉड्यूल शोधायला लाइडन अल्गोरिदम त्यातच आहे. आणि पाच हजार नोड एकदम काढायला जाऊ नका, नुसता केसांचा गुंता दिसतो, गाइड खूश होतील पण कळणार काहीच नाही.

पानगळ: लाइडन वेगवेगळ्या सीडने (रँडम सुरुवात ठरवणारा आकडा) बरेचदा चालवा. दर वेळी जे प्रोटीन वेगळ्याच मॉड्यूलमध्ये जातं त्याची वेगळी यादी ठेवा, ती मागणारा रिव्ह्यूअर भेटतोच.