कामाच्या मावशींसाठी वकील हवाय, तातडीने

शुक्रवार

बी ३०२, सकाळी ७.१२
बी आणि सी विंगला कामाला येणाऱ्या मावशींना काल संध्याकाळी ६ ला चौकीत बोलावलं. रात्री साडेअकराला सोडलं. आज १० वाजता परत या म्हणाले. मोबाईल ठेवून घेतलाय. अटक नाही, नोटीस नाही, हातात एक चिटोरं नाही. मुलगा माझ्या दारात उभा आहे. कुणाच्या ओळखीत वकील आहे का? पोलीस, मानवी हक्क वगैरे बघणारा.

बी ४०४, ७.१९
आमच्या साडूंचा भाऊ आहे. सोसायटीचं कन्व्हेअन्स त्यानेच केलं.

बी ३०२, ७.२०
काका, त्याला नऊ वर्षं लागली. मला पावणेतीन तास आहेत.

ए ५०३, ७.२६
पाटली माझी गेलीय. चार तोळ्यांची, सासूबाईंची. आणि ग्रुपवर वकील शोधताय तो तिच्यासाठी? कमाल आहे.

बी ३०२, ७.२९
ताई, पाटली सापडायलाच हवी आणि तक्रार करणं तुमचा हक्कच आहे. पण बाईमाणसाला रात्री साडेअकरापर्यंत बाकावर बसवायचं?

ए ५०३, ७.३१
बसवून ठेवा असं मी सांगितलं नव्हतं.

सेक्रेटरी, ७.३३
कृपया वैयक्तिक विषय ग्रुपवर नकोत. आज दुपारी २ ते ५ टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवावे.

सी ४०२, ७.३४
वैयक्तिक कसा? माझ्या घराची किल्ली त्यांच्याकडे असते.

बी ३०२, ७.३८
किल्ल्यांचं ऐका. मावशींनी मुलाच्या हाती जुडगा पाठवलाय, "ज्याच्या त्याला देऊन ये" म्हणून. चार घरांच्या चार किल्ल्या. नंबर वाचता येत नाहीत म्हणून प्रत्येकीला वेगळ्या रंगाचं रबर लावलंय. सी ४०२, तुमचं हिरवं. माझ्या टेबलावर आहे.

सी ४०२, ७.३९
माझी त्यांच्याकडेच राहू दे.

बी ११०, ७.४४
गुगलवर "टॉप १० मानवी हक्क वकील पुणे" टाकलं की यादी येते. पाठवू का लिंक?

सी १०१ आजोबा, ७.५२
नका पाठवू. मी ३४ वर्षं कोर्टात काढली, शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. वकिलाने जाहिरात करायची नाही असा बार कौन्सिलचा नियमच आहे. मग त्या याद्या कोण कशा करतं ते तुम्हीच ओळखा. आणि "मानवी हक्कांचा वकील" अशी पाटी आपल्याकडे सहसा नसते. तुम्हाला हवाय तो फौजदारी बाजूचा, रोज मॅजिस्ट्रेटसमोर उभा राहणारा आणि वेळ आली तर हायकोर्टात रिट याचिका टाकणारा. बोलताना "क्रिमिनल साइडचा" असं विचारा, म्हणजे कन्व्हेअन्सवाले पुढे येणार नाहीत.

बी ४०४, ७.५३
🙏

सी १०१ आजोबा, ७.५८
आता पटकन. मावशींना साक्षीदार म्हणून विचारायचं असेल तर बाईला पोलीस ठाण्यात बोलावताच येत नाही, तिच्या घरी जाऊन विचारायचं. नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७९. संशयित म्हणून विचारायचं असेल तर कलम ३५(३) ची लेखी नोटीस लागते. नोकराने चोरी केल्याच्या आरोपाला शिक्षा जास्तीत जास्त ७ वर्षं. अशा गुन्ह्यात ऊठसूट अटक करायची नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच अर्नेशकुमार प्रकरणात सांगितलंय. नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवलेलीही चालत नाही, हे २०२५ मधलं. "जरा येऊन जा" हे तर कशातच बसत नाही.

बी २०५, ८.०१
मग आज जायचंच नाही का?

सी १०१ आजोबा, ८.०३
जायचं, पण वकील घेऊन. आणि वकिलाने नोटीस मागायची. चौकशीला शेजारी बसू देतीलच असं नाही. पण बाहेरच्या बाकावर काळा कोट बसलाय एवढ्यानेही आतली भाषा बदलते, हे मी किती वेळा पाहिलंय.

ए ५०३, ८.०५
हा मेसेज डिलीट करण्यात आला

बी ३०२, ८.१०
एका वकिलांना फोन केला. नुसतं चौकीत यायचे ५० हजार, रोख. वर म्हणाले, "साहेबांशी आपलं बोलणं आहे, टेन्शन घेऊ नका."

सी १०१ आजोबा, ८.१२
फोन ठेवा. जो वकील पहिल्याच वाक्यात साहेबांची ओळख विकतो, तो उद्या साहेबांविरुद्ध अर्ज लिहिणार आहे का?

सी १०१ आजोबा, ८.१४
१५१०० फिरवा. विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन आहे. १९८७ च्या कायद्याचं कलम १२. बाई असेल तर तिचं उत्पन्न बघतच नाहीत, मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमाती, मुलं, अपंग, कोठडीतली माणसं, सगळ्यांना. आपलं जिल्हा कार्यालय शिवाजीनगर कोर्टातच आहे. अटकेच्या आधीही मदत करतात, केस उभी राहायची वाट बघावी लागत नाही.

बी ११०, ८.१६
सरकारी वकील म्हणजे त्यांचाच माणूस ना?

सी १०१ आजोबा, ८.२१
सरकारी वकील वेगळा, तो खटला चालवतो. हा प्राधिकरणाच्या पॅनेलवरचा, तो तुमच्या बाजूचा. शिवाय आता कोर्टात लोक अभिरक्षक कार्यालय आहे, तिथले वकील पूर्णवेळ आरोपींचीच कामं करतात. फुकट म्हणून नाक मुरडू नका. पॅनेलवर कंटाळलेले असतात तसे हिरेही असतात, खाजगीतही तेच.

आणि हे काही कुणी दिलेलं दान नाही. १९८२ मध्ये शीला बर्से या पत्रकार बाईंनी मुंबईच्या तुरुंगातल्या बायकांशी बोलून सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. १५ जणींशी बोलल्या, त्यातल्या ५ जणींनी लॉकअपमध्ये मारहाण झाल्याचं सांगितलं. त्या पत्राची याचिका झाली आणि १९८३ मध्ये निकाल आला: बायकांची चौकशी महिला पोलिसासमोरच व्हायची, आणि अटक झाली की लगेच विधी साहाय्य समितीला कळवायचं. आपल्याच राज्यातली गोष्ट. काल चौकीत महिला पोलीस होत्या का, विचारा.

बी ३०२, ८.२४
सहापर्यंत होत्या, नंतर नव्हत्या म्हणतो मुलगा.

सी १०१ आजोबा, ८.२५
हे लिहून ठेवा. वेळेसकट.

डी ७०१ (न्यू जर्सी), ८.४०
इथे रात्रीचे अकरा वाजून गेलेत, वाचतोय सगळं. इथे हे वकील वेगळेच असतात, सिव्हिल राइट्स ॲटर्नी. १८७१ चा कायदा आहे, सेक्शन १९८३ म्हणतात. पोलिसाने घटनेतला हक्क मोडला तर थेट त्या पोलिसावर दावा लावता येतो. बरेच वकील आधी पैसे घेत नाहीत, जिंकलो तर भरपाईतला वाटा. शिवाय १९७६ पासून जिंकणाऱ्याच्या वकिलाची फी समोरच्याकडून वसूल करता येते. आपल्याकडेही वाट्यावर वकील बघा की.

सी १०१ आजोबा, ८.४४
आपल्याकडे तसं करायला मनाई आहे. निकालावर फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणं हा बार कौन्सिलच्या नियमांचा भंग आहे. "भरपाईतले ३० टक्के द्या" म्हणणारा भेटला तर समजायचं की तो नियम आत्ताच मोडतोय, उद्या तुमचे मोडेल. भरपाई मिळते आपल्याकडेही, रिटमध्ये, पण त्याला उमेद आणि आयुष्य दोन्ही लागतं.

बी २०५, ८.४६
काका, पुढे खाजगी करायचा झाला तर ओळखायचा कसा?

सी १०१ आजोबा, ८.५५
एक सकाळ कोर्टात घालवा. गेटवर "काय काम आहे, या इकडे" म्हणणाऱ्यांना ओलांडून वर जा आणि रिमांड चालू असेल त्या कोर्टात मागच्या बाकावर बसा. कोण फाईल वाचून उभा राहतो आणि कोण तारीख मागून चहाला जातो, तासाभरात कळतं. मोबाईलवर ई-कोर्ट्सचं ॲप आहे, त्यात वकिलाच्या नावाने शोधता येतं. सगळी कामं १३८ ची, म्हणजे चेक बाउन्सची निघाली तर माणूस चांगला असेलही, पण तुमच्या कामाचा नाही. विचारायचं एकच: तारखेला तुम्ही उभे राहणार की ज्युनियर? फी टप्प्याटप्प्याने ठरवायची. जामिनाची वेगळी, खटल्याची वेगळी, आणि पावती घ्यायची. वकीलपत्र वाचून सही करायची, कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. आणि नाही पटलं तर बदलता येतो. फी राहिली म्हणून वकिलाने फाईल अडवून ठेवायची नाही, हे सुप्रीम कोर्टानेच २००० साली सांगितलंय. लोक वर्षानुवर्षं भीतीने एकाच्याच मागे फिरतात.

बी ४०४, ८.५७
काका, साडूंच्या भावाने आमची फाईल अजून दिलेली नाही 😐

बी ३०२, ९.२२
लागला १५१००. तिथून नंबर मिळाला, पॅनेलवरच्या एक वकीलबाई आहेत, येतायत स्कूटरवर. फोनवर फीचा विषयच नाही. पहिला प्रश्न: "आत किती वाजता गेल्या, बाहेर किती वाजता आल्या?" दुसरा: "कशावर सही घेतली का?" आणि तिसरा: "त्यांना वाचता येतं का?"
मला हे सुचलंच नव्हतं. मुलाने शेजारणीकडे फोन लावून विचारलं. मावशी म्हणाल्या, एका कागदावर सही केली. सही येते त्यांना, वाचता येत नाही. काय लिहिलं होतं माहीत नाही.

सी १०१ आजोबा, ९.२४
पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, घाबरू नका. पण वकीलबाईंना हे आधी सांगा. बाई कामाच्या आहेत, प्रश्नांवरूनच कळतंय.

सी ४०२, ९.२६
मी गाडी काढते, मावशींना घरून घेते.

सेक्रेटरी, ९.३०
सोसायटीचा या प्रकरणाशी अधिकृत संबंध नाही याची नोंद घ्यावी.

सी ४०२, ९.३१
घेतली.

बी ३०२, दुपारी १२.४८
बाहेर आलो. वकीलबाईंनी आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाल्या, "नोटीस द्या, हजर आहोत." अर्धा तास इकडे तिकडे झालं. मग नोटीस टाइप झाली, सोमवारी ११ ची वेळ, महिला अंमलदारासमोर. मोबाईलसाठी म्हणाल्या, जप्त केलाय तर पंचनामा दाखवा, नाहीतर परत द्या. परत दिला. कालची सही घेतलेला कागद मात्र "सापडत नाही".
मग त्यांनी हाताने लिहिलेला अर्ज दिला: गुरुवार संध्याकाळी ६ ते रात्री १२ चं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवावं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. ती पोच मावशींनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ब्लाउजमध्ये ठेवलीय.

सी १०१ आजोबा, १२.५२
उत्तम. डिसेंबर २०२० चा निकाल आहे, पोलीस ठाण्यातलं फुटेज किमान वर्षभर ठेवायचं. पण अर्ज नसला की कॅमेरा त्या दिवशी बरोबर बंद असतो.

बी २०५, १२.५५
मानवी हक्क आयोगाकडे तक्रार टाकायची का?

सी १०१ आजोबा, १२.५९
टाकता येते. राज्य आयोग मुंबईत, सीएसएमटीसमोर. फी नाही, वकीलही लागत नाही, साध्या कागदावर मराठीत चालते. फक्त घटनेपासून एका वर्षाच्या आत. पण ते मावशींनी ठरवायचं, आपण नाही.

बी ३०२, १.०२
विचारलं. म्हणाल्या, "मला कुणावर काही करायचं नाही, उद्यापासून कामावर येऊ का तेवढं सांगा."

डी ७०१ (न्यू जर्सी), १.०५
पेट्रोल, झेरॉक्स काय असेल ते माझ्याकडून. भाड्यातून वळते करा.

ए ५०३, १.१७
माझी पाटली मिळालेली नाही. मी तक्रार मागे घेणार नाही.

बी ३०२, १.१८
घेऊ नका ताई. वकीलबाईही तेच म्हणाल्या, तपास नीट होऊ दे. तुमच्याकडे पाटलीची पावती किंवा फोटो असेल तर पोलिसांना द्या, त्याने शोधायला मदत होते म्हणाल्या.

ए ५०३, १.२४
फोटो आहे. मुंजीतला.

ए ५०३, १.२४
काल त्यांना जेवायला दिलं होतं का तिथे?

बी ३०२, १.२६
डबा नेला होता मुलाने. आत घेतला नाही.

सी ४०२, ४.३५
हा काय प्रकार आहे? मावशी गेटवर उभ्या आहेत, माझ्याकडे येत होत्या. सिक्युरिटी म्हणतो ॲपवर पास ब्लॉक आहे.

सेक्रेटरी, ४.३८
तक्रार प्रलंबित असल्याने खबरदारी म्हणून बंद केला आहे.

सी १०१ आजोबा, ४.४०
कमिटीचा ठराव कुठल्या तारखेचा?

सी १०१ आजोबा, ४.४६
सेक्रेटरीसाहेब, तारीख विचारली.

सी ४०२, ४.४७
मी खाली येतेय.

ए ५०३, ४.५१
मी पास बंद करायला सांगितलं नव्हतं. माझं नाव त्यात घालू नका.

सेक्रेटरी, ४.५८
पास चालू केला आहे. पाणी ५ ऐवजी ६ ला येईल.