शब्दचर्चा : दुभाषी, दुभाष्या, भाषांतरकार की मध्यस्थ?

घटप्रभाकाठ : बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कन्नड-मराठी तोंडी भाषांतर शिकणाऱ्यांसाठी टिपण करायचं आहे. त्यांना म्हणायचं काय? कन्नडात ‘दुभाषी’ सर्रास चालतो. मराठीत ‘दुभाष्या’ कानाला हलका लागतो का? सरळ ‘भाषांतरकार’ लिहिलं तर?

हिरण्यकेशी : ‘भाषांतरकार’ नको. त्याच्यासमोर कागद असतो, खोडायला सवड असते. दुभाष्यासमोर माणसं असतात आणि बोललेलं परत घेता येत नाही.

‘दुभाष्या’मधला ‘या’ मुळात हिणवणारा नाही. वाटाड्या, सोंगाड्या हे धंद्याचेच शब्द. पण कळलाव्या, घरबुडव्या हेही त्याच घडणीचे, आणि दोन पक्षांच्या मधे उभा राहणारा माणूस लोकांना चटकन कळलाव्याच वाटतो. टिपणात ‘दुभाषी’ लिहा, बाईपुरुष दोघांनाही चालतो.

‘मध्यस्थ’ मात्र अजिबात नको. मध्यस्थाला तडजोड घडवायची असते. शिकाऊ माणसाने ते नाव लावून घेतलं की तो पक्षकाराचं तिखट वाक्य मऊ करून पुढे सरकवतो. ‘मी सही करणार नाही’चं ‘सही करायला जरा अडचण आहे’ होतं.

मलप्रभा : नावाने भूमिका ठरते हे अर्धंच खरं. जागा, शपथ आणि पैसे कोण देतो, यांनी ती जास्त ठरते.

कोर्टात काम सर्वांत आखीव. शपथ अधिनियम 1969 च्या कलम 4 प्रमाणे साक्षीदारासारखी दुभाष्यालाही शपथ घ्यावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे त्याचा कायदा, 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिच्या कलम 314 प्रमाणे हजर आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर त्याला कळेल अशा भाषेत ती खुल्या न्यायालयात सांगावी लागते. कलम 317 दुभाष्याला खरं भाषांतर सांगायला बांधून घेतं. इतकं स्पष्ट असलं की शिकाऊसुद्धा आपणहून चौकटीत राहतो.

दवाखान्यात शपथ नाही. तिथे बहुधा नातेवाईक किंवा नर्सच दुभाषी होते. पेशंट म्हणतो, ‘जीव घाबरा होतोय.’ दुभाषी कन्नडात सांगतो, ‘एदे नोवु’, म्हणजे छातीत दुखतंय. हे निदान झालं, भाषांतर नव्हे! पेशंटला भीती वाटत असेल, धडधडत असेल, गुदमरत असेल. डॉक्टरांना शब्द जसाच्या तसा समजावून द्यायचा, ‘हे मी विचारतोय’ असं दोन्ही भाषांत सांगायचं, मग पेशंटकडून नेमकं काय होतंय ते काढून घ्यायचं.

सीमाभागात आणखी एक ओढ असते. तालुका कचेरीत समोर मराठी म्हातारा आला की ‘आपला माणूस’ म्हणून दुभाषी त्याची वकिली करायला लागतो. कन्नड घरातला शिकाऊ साहेबांची बाजू राखतो. दोघांनाही वाटतं आपण मदतच करतोय.

हिरण्यकेशी : पैशांचं पटलं. पण भूमिका व्याकरणसुद्धा ढकलतं, ते टिपणात नक्की घ्या.

कन्नडात ‘नानु होदे’ बाईही म्हणते, पुरुषही. मराठीत ‘मी गेलो’ की ‘मी गेले’ हे ठरवावंच लागतं. पुरुष साक्षीदाराचं बोलणं सांगताना शिकाऊ मुलीला ‘मी गेलो’ म्हणायला अवघड वाटतं, मग ती ‘ते म्हणतात की ते गेले’वर घसरते. तिथे ती साक्षीदाराचा आवाज राहिली नाही, बातमी देणारी झाली. पुढे कोर्टाला कळत नाही, ‘ते’ म्हणजे साक्षीदार की त्याने नाव घेतलेला तिसराच कुणी. उपाय सरावाचा : पुरुषाचं बोलणं पुरुषी रूपात, बाईचं बाईच्या रूपात, दुभाषी कोणीही असो. सुरुवातीलाच दोन्ही पक्षांना सांगून ठेवायचं, ‘मी’ म्हणजे बोलणारा, मी नव्हे.

‘नावु’चंही तसंच. मराठीत ‘आम्ही’ की ‘आपण’? ‘नावु होदेवु’चं ‘आपण गेलो’ केलं की ऐकणाराही त्यात ओढला जातो. फौजदारी खटल्यात हे महागात पडेल. कळत नसेल तर थांबून विचारावं.

मलप्रभा : नात्यांची भर घाला. ‘चिक्कम्म’ म्हणजे मावशी की काकू? वारसाच्या दाव्यात एक आईच्या माहेरची, दुसरी वडिलांच्या घराण्यातली. ‘माव’ म्हणजे मामा की सासरा? अंदाज बांधायचा नाही, ‘कोणाची कोण’ हे विचारायचं. आणि ‘अनुमान’ : कन्नडात संशय, मराठीत तर्क. ‘नन्गे अनुमान इदे’चं ‘माझं अनुमान आहे’ करणारे पुष्कळ.

घटप्रभाकाठ : मग कचेरीच्या कागदात ‘दुभाष्यास शपथ दिली’ असतं, ते चुकीचं समजायचं का?

हिरण्यकेशी : नाही. माळी-माळ्याला, तसं दुभाषी-दुभाष्याला. विभक्ती लागली की दोन्ही शब्द एकच होतात. बाई असेल तर ‘दुभाषी बाईंना शपथ दिली’ लिहा, म्हणजे वाचणारा अडखळणार नाही.