जंगलातील लष्करी बटणे: उचलावीत की जागेवरच राहू द्यावीत?

पायवाट (धागालेखक)

जमीनमालकाची लेखी परवानगी घेऊन गेल्या आठवड्यात एका जुन्या रानात मेटल डिटेक्टर फिरवला. पाचोळ्याखाली जेमतेम वीतभर खोलीवर पितळेचे एक बटण मिळाले. मागची कडी शाबूत होती, दर्शनी बाजूस पलटणीचा क्रमांक होता आणि हिरव्या कळंकाखालून एका कडेला सोन्याचा मुलामा चमकत होता. हातभर अंतरावर त्याच क्रमांकाचे दुसरे बटण निघाले आणि तिसरे नेमके त्या दोहोंच्या रेषेत. ते तळहातावर घेतले तेव्हा आनंदाऐवजी अवघडल्यासारखे वाटले. कारण एखादे बटण तुटून पडू शकते, पण तीन बटणे अशी ओळीने पडत नाहीत. चौथा संकेत ऐकू आला, तेथे मी काठी रोवली आणि परत आलो. अशा वस्तू काढणे योग्य आहे का, याविषयी जाणकारांची मते हवी आहेत.

थर

माझे मत स्पष्ट आहे: दुसरे बटण मिळताच आपण थांबायला हवे होते. नांगरटीच्या शेतात फाळाने वस्तू वर्षानुवर्षे इकडच्या तिकडे केलेल्या असतात, त्यामुळे तेथे वरच्या मातीतून एखादे बटण उचलल्याने फारसे बिघडत नाही. परंतु जेथे कधी नांगर फिरलेला नाही अशा रानात वस्तू बहुधा पडली त्याच जागी असते, आणि ती जागा हाच अर्धा पुरावा असतो. अमेरिकेतील लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर 1876 मध्ये लढाई झाली. 1983 च्या वणव्यात तेथील गवत जळाल्यावर पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी हौशी डिटेक्टरवाल्यांनाच मदतीला घेतले. प्रत्येक संकेताच्या जागी निशाण रोवून, मोजमाप झाल्यावरच वस्तू उचलली. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांवर बंदुकीच्या आघातपिनेने (फायरिंग पिन) उमटलेल्या ठशांवरून एकेक बंदूक रणभूमीवर कोठून कोठे गेली, याचाही माग काढता आला. त्याच पुंगळ्या आधी कोणी खिशात घालून नेल्या असत्या, तर ही हकिकत कोणालाच सांगता आली नसती.

आणखी एक गोष्ट. ओळीने पडलेली बटणे म्हणजे अंगावर कोट असलेला देह असू शकतो. बटणांच्या रांगेखाली अस्थी असण्याची ही शक्यता आपण स्वतःच सूचित केली आहे. तसे काही दिसल्यास हात लावू नये आणि पोलिसांना कळवावे. त्यात मतभेदाला जागाच नाही.

कुदळ

अस्थींबाबत सहमत, बाकी मुद्द्यांशी नाही. रान म्हणजे संग्रहालयातील काचपेटी नव्हे. कुजणाऱ्या पाल्याने माती आम्लधर्मी होते, त्यात पितळ पोखरले जाते, मुळे वस्तू सरकवतात आणि लाकूडतोडीची अवजड यंत्रे एका दिवसात वरचा थर उलथापालथा करतात. जागेवर राहू द्या म्हणणाऱ्यांपैकी किती जण त्या रानात कधी उत्खननाला येणार आहेत?

जर्मनीतील काल्क्रीजचे उदाहरण घ्या. इसवी सन 9 मध्ये रोमनांच्या तीन पलटणी जेथे कापल्या गेल्या, त्या लढाईची जागा विद्वान पिढ्यान्पिढ्या शोधत होते. 1987 मध्ये टोनी क्लन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला तेथे डिटेक्टरने रोमन नाणी आणि पुढे गोफणीच्या शिशाच्या गोळ्या सापडल्या, तेव्हा कोठे त्या शोधाला दिशा मिळाली. छंदाला सरसकट दोष देणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय इंग्लंड आणि वेल्समध्ये हौशी शोधकांच्या वस्तूंची नोंद करणारी योजना मुख्यतः 1700 पूर्वीच्या वस्तूंसाठी आहे. त्यानंतरच्या वस्तू निवडूनच नोंदल्या जातात. ज्या बटणाला नोंदवहीतही हक्काची जागा नाही, त्यासाठी एवढे सोवळे कशाला?

थर

क्लन यांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. त्यांनी शोधाआधीच स्थानिक पुरातत्त्वज्ञांशी बोलणे केले होते आणि वस्तू सापडताच त्यांना कळवले. सरकारी नोंदवही बटणाला जागा देत नसेल, तर सापडवणाऱ्याची स्वतःची वही ही त्याची एकमेव नोंद ठरते, म्हणजे जबाबदारी वाढली.

कायदाही सर्वत्र सारखा नाही. अमेरिकेत 1979 च्या कायद्यानुसार संघराज्याच्या जमिनीवरील शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू परवान्याशिवाय काढणे गुन्हा आहे. फ्रान्समध्ये ऐतिहासिक वस्तूंच्या शोधासाठी डिटेक्टर वापरायला 1989 पासून प्रशासनाची परवानगी लागते. केवळ मालकाचा होकार प्रत्येक ठिकाणी पुरत नाही.

हिरवट

वादात न पडता थोडे बटणाविषयी. ते ब्रिटिश सैन्याचे असेल, तर क्रमांकामुळे बरेच हाती लागते. बटणावर पलटणीचा क्रमांक असावा असा हुकूम 1767 चा. साध्या शिपायांची बटणे 1855 पर्यंत कथिलाच्या मिश्रधातूची असत, मग पितळेची झाली. आणि 1871 पासून शिपायांना क्रमांकाऐवजी राजचिन्हाचे एकच सामाईक बटण मिळू लागले. म्हणजे शिपायाच्या कोटाचे क्रमांकित पितळी बटण त्या सोळा वर्षांतले. मुलामा असल्यास मात्र ते अधिकाऱ्याचे असण्याचा संभव अधिक, आणि हा हिशेब लागू होत नाही. मागे निर्मात्याचे नाव कोरलेले असेल, तर ते क्रमांकाहून नेमका काळ सांगू शकते.

हात जोडून विनंती: घासू नका. तांब्याच्या क्षारांमुळे जंतूंची वाढ रोखली जाते, म्हणून कडीत अडकलेला दोरा किंवा कापडाचा तंतू कित्येकदा टिकून असतो. माझ्या मते जमिनीतून काढण्यापेक्षा घासण्यानेच अधिक पुरावे नष्ट झाले आहेत.

पायवाट (धागालेखक)

कबूल करतो, पहिले बटण मी दातांच्या ब्रशने धुतले. कडीत काळसर काहीतरी होते. ती माती समजून टोचून काढली. उरलेली दोन तशीच मातीसह डबीत ठेवली आहेत. तिन्हींच्या जागा फोनमध्ये नोंदल्या आहेत, पण झाडीखाली फोन पाच-सहा मीटरची चूक सहज करतो, आणि बटणांमधले अंतर हातभर. उद्या मोजपट्टी घेऊन जाईन व एका जुन्या झाडापासून मापे घेईन.

कुदळ

मापे घ्याच, तेवढ्यापुरता मीही थर यांच्या बाजूचा. पण चौथ्या संकेताशी रोवलेली काठी आधी काढून टाका. त्या रानात डिटेक्टर घेऊन फिरणारे आपण एकटेच असाल असे नाही, आणि पुढच्या माणसाला खणण्यासाठी याहून चांगली खूण मिळणार नाही.