‘येऊ का?’ म्हणजे मे, कॅन, कुड की शॅल?

प्रश्न :
भाची नुकतीच नोकरीला लागली. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं तिला विचारलं, ‘कुड आय यूज युअर चार्जर?’ हिनं लगेच सांगून टाकलं, ‘येस, यू कुड.’ ती मुलगी तशीच उभी. चार्जर समोर पडलाय, पण उचलत नाही. शेवटी हिनंच काढून तिच्या हातात दिला. चुकलं काय? प्रश्नात कुड होतं, म्हणून उत्तरातही कुड आलं.

दुसरं असं, की शाळेत आम्हाला ‘परवानगीला मे, क्षमतेला कॅन’ एवढंच घोकायला लावलं. ‘कॅन आय कम इन?’ म्हटलं की बाई दारातच उभं करायच्या. तो नियम अजून पाळायचा का?

उत्तर :
कुडनं परवानगी मागता येते, देता येत नाही. सगळी गोम एवढीच.

मागणारा कुड म्हणतो तेव्हा तो जरा मागे सरकून विचारतो, समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवतो. आपण ‘चार्जर घेतला तर चालेल का?’ म्हणतो ना, तसंच. गंमत म्हणजे दोन्ही भाषा इथे भूतकाळाचं रूप वापरतात. कुड हे कॅनचं भूतकाळी रूप आणि आपलं ‘घेतला’ही भूतकाळी. घ्यायचा मात्र आत्ताच असतो! देणाऱ्याला असं मागे सरकायचं काही कारण नाही. त्यानं ‘यू कुड’ म्हटलं की ऐकणाऱ्याला ‘तसा घेता येईल, पण...’ असं ऐकू येतं. ती मुलगी त्या ‘पण’ची वाट बघत उभी होती.

उत्तर ‘येस, यू कॅन’. खरं तर बोलताना तेवढंही फारसं कुणी म्हणत नाही. ‘शुअर’, ‘ऑफ कोर्स’, ‘गो अहेड’ यावर भागतं. आपल्याकडे तरी ‘आत येऊ का?’ला ‘हो, तू येऊ शकतोस’ असं कोण म्हणतं? ‘ये की!’ म्हटलं, झालं. (‘मी येऊ शकतो का?’ हल्ली सगळीकडे ऐकू येतं. मला ते कानाला टोचतं. ‘येऊ का?’ असताना शकण्याला कशाला राबवायचं?) एक मात्र जपा. आपलं ‘घे ना’ प्रेमाचं असतं, पण इंग्रजीत नुसतं ‘टेक इट’ तुटक वाटू शकतं.

आता मे आणि कॅन. कॅन म्हणजे सामर्थ्य, मे म्हणजे मुभा ही वाटणी सॅम्युएल जॉन्सनच्या 1755च्या शब्दकोशात सापडते. तुमच्या बाई त्याच परंपरेतल्या. पण आणखी मागे गेलं तर मेचा जुन्या इंग्रजीतला पूर्वज ‘बळ असणे’ या अर्थाचा निघतो. जोर या अर्थाचा माइट हा शब्द त्याच घरातला. आणि कॅनचा मूळ अर्थ ‘ठाऊक असणे’. म्हणजे बाईंनी परवानगीसाठी राखून ठेवलेल्या शब्दाचा मूळ धंदा ताकदीचाच! अर्थ असे सरकतातच. ‘मला पोहता येतं’ आणि ‘इथे गाडी लावता येते का?’ यांत आपणही एकाच ‘येणे’ला दोन्ही कामांना जुंपतो.

तेव्हा रोजच्या बोलण्यात ‘कॅन आय’ खुशाल म्हणा. मुलाखतीत किंवा अनोळखी मोठ्या माणसापुढे ‘मे आय’ शोभतं. परवानगी देताना मात्र मे बेतानं वापरा. सहकाऱ्याला ‘यू मे गो’ म्हटलं तर आपण उंच खुर्चीवर बसून त्याला सोडतोय असं वाटतं. नोटिशीत ‘स्टाफ मे नॉट अटेंड’ लिहिलं, तर कर्मचाऱ्यांनी येऊ नये की ते कदाचित येणार नाहीत? दोन्ही अर्थ निघतात.

आणखी एक उत्तर :
माझ्या मते मराठी माणसाला मे-कॅनपेक्षा शॅल जास्त गोत्यात आणतं. ‘चहा करू का?’ आणि ‘आज लवकर जाऊ का?’ हे आपल्याला एकाच साच्यातले वाटतात. पहिल्यात मी काम अंगावर घेतोय, दुसऱ्यात सूट मागतोय. इंग्रजीत पहिल्याला ‘शॅल आय’ आणि दुसऱ्याला ‘कॅन आय’ किंवा ‘मे आय’ लागतं. मी एकदा परदेशातल्या साहेबांना मेल केली, ‘शॅल आय टेक लीव्ह ऑन फ्रायडे?’ उत्तर आलं, ‘अप टू यू.’ रजा मंजूर समजून मी घरी, आणि तिकडे मीटिंगमध्ये माझी वाट बघतायत. त्यांना वाटलं होतं, मी सल्ला विचारतोय.

‘येऊ का?’ची तर आणखीच मजा. उंबऱ्याबाहेरून म्हटलं तर आत येऊ का, आणि आतून चपला घालताना म्हटलं तर निघू का. या दुसऱ्याला काकू ‘बस रे, चहा घेऊन जा’ म्हणणार हे धरलेलंच असतं. इथे मेही नको आणि कॅनही नको, ‘आय शुड गेट गोइंग’ म्हणून उठायचं.

प्रश्न :
पटलं. मग ‘काल मला लवकर सोडलं’ला ‘यस्टर्डे आय कुड लीव्ह अर्ली’ चालेल?

उत्तर :
नाही. एकदाच मिळालेल्या परवानगीला ‘आय वॉज अलाउड टू लीव्ह अर्ली’. ‘आमच्या लहानपणी रस्त्यात खेळायला मुभा होती’ अशी कायमची सवलत सांगायची असेल तर कुड चालतं. आणि काल सोडलंच नसेल तर ‘कुडंट’ बिनधास्त म्हणा, नकाराला ही अट नाही.