ऑपरेशनपूर्वी भुलीचा जुना त्रास सांगावा का? सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-२०३ (मंगळवार, रात्री ९.१०)
सर्वांना नमस्कार. माझ्या सासूबाईंचे (वय ६८) पित्ताशयातील खड्यांचे दुर्बिणीतून ऑपरेशन पुढच्या गुरुवारी ठरले आहे. २००९ मध्ये गावाकडे त्यांचे गर्भपिशवीचे ऑपरेशन पूर्ण भूल देऊन झाले होते. ऑपरेशन वेळेत आटोपले, पण नंतर त्यांना स्वतःहून श्वास घेता येईना, म्हणून रात्रीपर्यंत मशीनवर ठेवले होते, एवढेच सासऱ्यांना आठवते. "औषधाचा अंमल जरा जास्त वेळ राहिला" असे सांगून चौथ्या दिवशी घरी पाठवले. डिस्चार्ज कार्डावर याबद्दल एक अक्षरही लिहिलेले नाही. सर्जनच्या दवाखान्यात आम्ही बीपी आणि शुगर सांगितली, पण हे सांगितले नाही, कारण सासूबाईंचे म्हणणे असे की हे ऐकून डॉक्टर ऑपरेशनच नाकारतील. सांगावे की नाही, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

बी-३०४ (रात्री ९.२५)
वहिनी, मला सासूबाईंचे म्हणणे पटते. इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, तेव्हाची औषधे वेगळी होती आणि तुमच्याकडे कागदही नाहीत. उगाच तारीख पुढे ढकलली जाईल आणि खड्यांचे दुखणे त्या सोसत बसतील.

सी-५०१ (रात्री १०.०५)
मी ३१ वर्षे भूल देण्याचे काम केले आणि त्यातील काही वर्षे नांदेडला होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. सांगावेच, आणि सर्जनना सांगून थांबू नये. भूल देणारे डॉक्टर वेगळे असतात. सर्जनच्या कानावर घातले म्हणजे भूलतज्ज्ञांपर्यंत ते पोहोचले, असे गृहीत धरू नये. ऑपरेशनपूर्वी भुलीसाठी जी तपासणी होते, जिला आपण सगळे 'फिटनेस' म्हणतो, ती नेमकी यासाठीच असते, आणि तिथे पहिल्या पाच मिनिटांत ही गोष्ट निघाली पाहिजे. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी टेबलावर आडवे झाल्यावर सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या हातात तयारीला वेळच उरत नाही.

काकांच्या शंकेबद्दल आदरपूर्वक सांगते की खड्यांचे हे ऑपरेशन ठरवून करायचे आहे, त्यामुळे एखाद्या तपासणीसाठी ते दोन दिवस पुढे गेले तरी बिघडत नाही. त्रास सांगितला म्हणून ऑपरेशन नाकारणारा भूलतज्ज्ञ मी तरी पाहिलेला नाही. औषध बदलणारे आणि तयारी वाढवणारे मात्र पुष्कळ पाहिले आहेत.

सांगताना "आईंना भूल सोसत नाही" असे मोघम सांगू नका, कारण त्यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही. कोणत्या साली, कोणत्या ऑपरेशनला, शुद्धीवर यायला किती तास लागले, मशीनवर ठेवले का, अंग तापले किंवा ताठरले का, अंगावर गांधी उठून रक्तदाब घसरला का, पुढच्या दिवसांत कावीळ झाली का, घशात नळी घालताना अडचण आल्याचे कोणी बोलले का, हे जसे घडले तसे सांगा. यातील प्रत्येक गोष्ट वेगळ्या दोषाकडे बोट दाखवते. आणि एक विनंती आहे. सासूबाईंना त्या दिवसाचे स्वतःला काय आठवते, हे त्यांना निवांतपणे, एकट्यात विचारा.

बी-३०४ (रात्री १०.१५)
डॉक्टरताई, पटले. पण जुने कागद मिळवण्याचा काही मार्ग असतो का?

सी-५०१ (रात्री १०.२२)
प्रयत्न जरूर करावा. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास डॉक्टरांनी ७२ तासांच्या आत नोंदी द्याव्यात, असे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. मात्र त्याच नियमांत नोंदी ३ वर्षे जपण्याचे बंधन आहे, त्यामुळे २००९ चे कागद मिळतीलच असे नाही. मागताना डिस्चार्ज कार्ड मागू नका, भुलीच्या नोंदीचा कागद मागा. कोणते औषध किती वाजता दिले, ते त्यावर असते. कागद नाही मिळाले तरी माणसांची आठवण हाही पुरावाच आहे.

ए-२०३ (बुधवार, दुपारी ३.४०)
डॉक्टरताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे काल रात्री लसूण सोलायला बसलो असताना आईंना विचारले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, हातातली पाकळी तशीच राहिली. मग म्हणाल्या, "मला सगळं ऐकू येत होतं गं." स्टीलचा ट्रे खाली पडल्याचा आवाज, "नाडी ठीक आहे" असे कोणीतरी म्हणाल्याचे, घशात काहीतरी रुतल्याचे, हे सारे त्यांना आठवते. हाक मारायची होती, पण जीभ उचलेना आणि पापणीही हलेना. आपण मेलो आहोत आणि या लोकांना ते कळलेले नाही, असे त्यांना वाटत राहिले. घरी आल्यावर त्यांनी हे एकदा जाऊबाईंना सांगितले, तर ते स्वप्न असेल असे उत्तर मिळाले, आणि त्यानंतर त्यांनी हा विषय कुणाकडेच काढला नाही. डॉक्टर नाकारतील हे फक्त आम्हाला सांगण्याचे कारण होते. त्यांना खरी भीती पुन्हा तसेच पडून राहण्याची आहे. इतकी वर्षे एका घरात राहून मला हे माहीत नव्हते, याचे फार वाईट वाटते आहे.

सी-५०१ (दुपारी ४.१५)
हे वाचून मन हेलावले. त्यांना माझ्यातर्फे सांगा की ते स्वप्न नसावे, आणि त्यांनी सांगितलेला प्रत्येक शब्द उपयोगाचा आहे. निदान तपासणीनंतरच होईल, पण मला जे वाटते ते लिहिते.

श्वासनळीत नळी चटकन घालता यावी म्हणून सक्सिनिलकोलीन नावाचे औषध देतात, ज्याने सर्व स्नायू सैल पडतात. यकृतात तयार होऊन रक्तात फिरणारे एक विकर हे औषध तोडते, म्हणून सर्वसाधारण माणसात त्याचा अंमल ५ ते १० मिनिटांत उतरतो. काहींच्या शरीरात ते विकर जन्मतःच सदोष किंवा अपुरे असते, आणि मग तोच अंमल कित्येक तास टिकतो. गुंगीची औषधे उतरलेली असतात पण स्नायू हलत नाहीत, आणि समोरच्यांना वाटते की रुग्ण अजून शुद्धीवर आलेला नाही. दोष माहीत असेल तर हे औषध टाळून दुसरे देता येते. अनवधानाने दिले गेलेच, तरी अंमल उतरेपर्यंत रुग्णाला झोपेत ठेवून मशीनवर श्वास देत राहिले, की तो सुखरूप बाहेर येतो.

यासाठी रक्तातील कोलिनेस्टरेजची, म्हणजे याच विकराची, तपासणी करतात. कीटकनाशक फवारताना विषबाधा झालेल्या शेतकऱ्यांची जी तपासणी होते तीच ही, त्यामुळे ती दुर्मीळ नाही. यकृताच्या आजारात किंवा फवारणीच्या संपर्कानेही हा आकडा उतरतो, म्हणून त्याचा अर्थ डॉक्टरांनीच लावावा. आर्यवैश्य समाजात हा दोष अधिक आढळतो, असे भारतातील अभ्यासांत नोंदलेले आहे, आणि नांदेडला असताना आम्ही त्या कुटुंबांना हा प्रश्न आवर्जून विचारत असू. तो इतर कुणातही असू शकतो, त्यामुळे घटना सांगणे महत्त्वाचे.

नातेवाइकांचा त्रासही सांगावा. १९६० मध्ये मेलबर्नचे डॉ. मायकेल डेनबरो यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका तरुणाची हकीकत लिहिली. पाय मोडून आलेल्या त्या मुलाला पायापेक्षा भुलीची धास्ती होती, कारण त्याच्या नात्यातील दहा माणसे ईथरच्या भुलीत दगावली होती. डॉक्टरांनी ते मनावर घेऊन वेगळा वायू वापरला. तरीही त्रास सुरू झाला, पण सगळे सावध असल्याने तो वाचला. तो दोष वेगळा. त्यात भुलीच्या ठरावीक वायूंनी किंवा याच सक्सिनिलकोलीनने स्नायू ताठरतात आणि अंग भयंकर तापते. तो आईवडिलांपैकी एकाकडूनही मुलात उतरतो आणि त्यावरचे डॅन्ट्रोलीन हे औषध आधीच हाताशी असावे लागते. घरातल्या कुणाच्या भुलीत अंग तापल्याची किंवा मृत्यूची कुजबुज असेल, तर ती अपशकुनी म्हणून दाबू नये.

सी-१०२ (दुपारी ४.५०)
ताई, माझ्या ऑपरेशननंतर दोन दिवस उलट्या थांबल्या नव्हत्या. हेही सांगण्यासारखे आहे का? मला एस.टी.त बसले की गाडीही लागते.

सी-५०१ (सायंकाळी ५.०५)
दोन्ही सांगा. पूर्वी अशा उलट्या झालेल्या असणे किंवा गाडी लागणे, स्त्री असणे, धूम्रपान न करणे आणि ऑपरेशननंतर अफूवर्गीय वेदनाशामके घ्यावी लागणे, या चार गोष्टींवरून भूलतज्ज्ञ उलट्यांची शक्यता जोखतात आणि त्याप्रमाणे आधीच औषधे देतात.

ए-२०३ (शनिवार, दुपारी १.३०)
काल भुलीची तपासणी झाली. मी सगळे एका कागदावर लिहून नेले होते, पण आई म्हणाल्या, "मीच सांगते." भूलतज्ज्ञांनी खुर्ची जवळ ओढून घेतली आणि मध्ये एकदाही न तोडता ऐकले. मग केसपेपरच्या पहिल्याच पानावर लाल शाईने नोंद केली. रिपोर्ट आज आला असून तो आकडा सामान्य मर्यादेच्या बराच खाली आहे आणि यकृताच्या तपासण्या ठीक आहेत. ते औषध अजिबात वापरणार नाही, दुसरे देऊ, आणि स्नायूंची ताकद परत आल्याचे यंत्रावर पाहिल्याशिवाय तुम्हाला जागे करणार नाही, असे त्यांनी आईंनाच समोर बसवून सांगितले. तारीखही बदलली नाही.

बी-३०४ (दुपारी १.४५)
वहिनी, मी चुकीचा सल्ला दिला होता, त्याबद्दल क्षमस्व. गुरुवारी जाण्या-येण्यासाठी गाडीची गरज पडली तर रात्री-अपरात्री हाक मारा.

सी-५०१ (दुपारी २.००)
उत्तम झाले. आता डिस्चार्ज कार्डावर ही नोंद औषधाच्या नावासह मागून घ्या. आणि सासूबाईंच्या सख्ख्या भावंडांना कळवा, कारण त्यांच्यापैकी प्रत्येकात हाच दोष असण्याची शक्यता साधारण चारांत एक असते. तुमच्या यजमानांचीही तपासणी करून घ्यावी.

ए-२०३ (पुढचा शुक्रवार, सकाळी ११.२०)
काल ऑपरेशन व्यवस्थित झाले. शुद्धीवर आल्यावर आईंनी आधी बोटे हलवून पाहिली आणि मग माझ्या हाताला चिमटा काढला. मधल्या वेळेचे काहीच आठवत नाही, असे त्यांनी आनंदाने तीनदा सांगितले. 'सक्सिनिलकोलीन देऊ नये' असे सहीशिक्क्यासह लिहिलेले पत्र मिळाले असून त्याची एक प्रत त्यांच्या पाकिटात आधार कार्डाच्या मागे ठेवली आहे. धाकट्या मामांचे हर्नियाचे ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. त्यांनी आज सकाळी नांदेडला रक्त दिले, रिपोर्ट सोमवारी मिळेल.