महामार्गावर तरी डिझेलला पर्याय आहे का?

घाटवाट (कराड)

‘डिझेलचे दिवस भरले’ हे मी २०१५ पासून ऐकतोय. त्या वर्षी सप्टेंबरात फोक्सवॅगनचं बिंग फुटलं. चाचणीपुरतं प्रदूषण कमी दाखवणारं सॉफ्टवेअर, जगभरात १ कोटी १० लाख गाड्या. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. महिंद्रानं काय केलं? १.९९ लिटरचं इंजिन काढलं आणि विक्री चालू ठेवली. ही जमात चिवट आहे.

माझं म्हणणं एवढंच : वर्षाला २५-३० हजार किलोमीटर, तेही बहुतेक महामार्गावर, गाडीत सहा-सात माणसं आणि मागे सामान, या कामाला आजही डिझेलच लागतं. पेट्रोल इंजिनाला मोटार-बॅटरी जोडलेल्या हायब्रीडचं कौतुक शहरापुरतं. ब्रेक दाबला की बॅटरीत वीज भरायची, सिग्नल सुटला की तीच वापरायची. पुणे-बंगळूर रस्त्यावर एका वेगानं निघालात की ब्रेकच फारसा लागत नाही, मग बॅटरी भरणार कशी? उरतं ते साधं पेट्रोल इंजिन. घाट उतरताना उलटा प्रकार. एक-दीड युनिटची ती बॅटरी अर्ध्या घाटात भरून जाते, पुढचा सगळा भार इंजिन आणि ब्रेकवर.

इलेक्ट्रिकला नावं ठेवत नाही. पण ती घरातली दुसरी गाडी.

तीन_फेज (नाशिक)

दादा, पैशाचं बोला की. डिझेल नव्वदीच्या घरात. भरलेली एसयूव्ही १५-१६ देते. म्हणजे किलोमीटरला साडेपाच ते सहा रुपये. माझी इलेक्ट्रिक युनिटला सहा-साडेसहा किलोमीटर जाते. रात्री घरी लावली तर किलोमीटर दीड-दोन रुपयांत. रस्त्यातल्या फास्ट चार्जरला युनिटमागे २०-२४ रुपये मोजले तरी साडेतीन-चारच्या वर जात नाही. तुमच्या २५ हजार किलोमीटरला सगळं चार्जिंग बाहेर केलं तरी वर्षाचे पन्नास हजार वाचतात, घरी केलं तर लाखाच्या जवळ.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या डिझेलवर ४० टक्के जीएसटी आणि इलेक्ट्रिकवर ५. अटल सेतूवर आम्हाला टोल नाही. ‘दुसरी गाडी’ हे २०२० साली पटलं असतं. आता चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ मध्ये ७९ युनिटची बॅटरी मिळते. समृद्धीवरून नागपूर एका थांब्यात होतं.

घाटवाट

थांबा एक, पण किती वेळाचा ते सांगा ना. ७९ युनिटची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर न्यायची म्हणजे ४७ युनिट. वीस मिनिटांत भरते म्हणतात ते १७५-१८० किलोवॅटच्या चार्जरवर. मला रस्त्यात भेटतात ते ६० चे, दोन गनवाले. शेजारी दुसरा आला की दोघांत वाटणी. म्हणजे दीड-पावणेदोन तास, तेही आधी कोणी लावलेली नसेल तर. दिवाळीत नाहीतर गणपतीत कोकणात जाऊन बघा. डिझेल भरायला पाच मिनिटं लागतात आणि पंप खेडशिवापूरलाही असतो, गगनबावड्यालाही.

ठाण्याची_मी

घोडबंदर रोडला रोज दोन वेळा अडकणाऱ्या बाईचं मत घ्या. डिझेल होती तेव्हा शहरात १०-११ मिळायचे. आता हायब्रीडला त्याच रस्त्यावर १९-२० मिळतात, आणि क्लच दाबून गुडघा धरत नाही हे वेगळंच.

‘उरतं ते साधं पेट्रोल इंजिन’ हे मात्र खोटं आहे, दादा. ते ॲटकिन्सन पद्धतीवर चालतं, त्यात हवा आत घेणारी झडप उशिरा बंद होते. ताकद थोडी कमी, पण पेट्रोलमधून काम जास्त निघतं. मोटार उरलेली ताकद भरून काढते. महामार्गावर मला १७-१८ पडतात. तुमच्या डिझेलपेक्षा कमी नाहीत! पेट्रोल महाग हे खरं, म्हणून खर्च बरोबरीत धरू. मग मी वर्षाचे तीनशे दिवस शहरात असताना डिझेलचा धूर का काढू?

इलेक्ट्रिक मलाही हवी होती. आमच्या सोसायटीच्या कमिटीनं पार्किंगमध्ये पॉइंट देण्यावर तीन सभा घेतल्या. चौथीची तारीख ठरतेय.

पाना_नंबर_१३ (इचलकरंजी)

गॅरेजवाल्याचं ऐका. डिझेल इंजिनात खोट नव्हतीच कधी. मारुतीचं ते १.३ लिटरचं आठवा. मूळ फियाटचं, निम्म्या गावाच्या गाड्यांत एकच इंजिन. डोळे मिटून खोलायचो. एप्रिल २०२० ला बीएस ६ हे धुराचे नवे नियम आले आणि मारुतीनं डिझेल सोडूनच दिलं. कारण साधं हाय. आधी नायट्रोजन ऑक्साइडला किलोमीटरमागं २५० मिलिग्रॅमची सूट होती, ती ८० वर आली. नव्या नियमांना लागणारा काजळीचा फिल्टर, उत्प्रेरक, सेन्सर, धूर साफ करणाऱ्या युरियाची टाकी हे सगळं छोट्या गाडीत बसवलं तर गाडीच्या किमतीत घुसतं. पंचवीस लाखांच्या गाडीत ते पचतं. म्हणून डिझेल आता जास्त करून मोठ्या गाड्यांत उरलंय. हरलं ते इंजिन नव्हे ओ, सायलेन्सरच्या पाइपात बसवलेलं सामान महाग पडलं.

आता माझ्याकडं काय येतं ते सांगतो. एक साहेब, घर ते ऑफिस चार किलोमीटर, डिझेल एसयूव्ही. फिल्टरमधली काजळी जाळायला पाइप तापून सहाशे डिग्रीच्या आसपास जावा लागतो. चार किलोमीटरात कुठला तापणार? गाडी जाळायला घेते, साहेब गाडी बंद करतात. असं दहादा झालं की दिवा लागतो. त्याहून वाईट म्हणजे जाळायला जादा सोडलेलं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढली तर ऑइल वर चढलेलं. गिऱ्हाईक खूश, ‘माझी गाडी ऑइल खात नाही’! मग टर्बो जातो. कोण म्हणतं फिल्टर काढून टाका. मी काढत नाही. बेकायदा हाय, आणि मागच्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडात काजळी कशाला?

चांदा_वाघ (चंद्रपूर)

तुमच्या इलेक्ट्रिकचा धूर कुठे निघते ते आमच्याकडे येऊन बघा ना भाऊ. २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे आमच्या उशाशी. नाशिकची हवा स्वच्छ, राख आमच्या अंगणात. डिझेलवाला निदान आपला धूर आपल्याच गावात सोडते.

तीन_फेज

राखेचं दुखणं खरं आहे, त्यावर उत्तर नाही माझ्याकडे. पण कार्बनचा हिशेब मांडू. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. चार्जिंगमधली गळती धरून किलोमीटरला १२५ ग्रॅम. एक लिटर डिझेल जाळलं की २.६८ किलो, १६ च्या मायलेजला १६७ ग्रॅम. यात तेल शुद्ध करण्याचा खर्च धरलेलाच नाही. त्याचा वास हवा असेल तर मुंबईत रिफायनऱ्यांशेजारच्या माहुलला जा. शिवाय ग्रिडमध्ये सौर जसजसं वाढेल तसा माझ्या जुन्या गाडीचा आकडा खाली येईल. डिझेल गाडी मात्र जुनी होईल तशी बिघडतच जाणार.

नेकारकाठ (श्टुटगार्ट)

मर्सिडीजच्या मुख्यालयाच्या गावातून लिहितोय, बॉशचं मुख्यालयही शेजारीच. इथे १ जानेवारी २०१९ पासून युरो ४ (युरोपातले धुराचे जुने नियम) आणि त्याआधीच्या डिझेल गाड्यांना शहरबंदी झाली. डिझेलची राजधानी म्हणावी अशा गावात! हातात व्यवस्थित चालणारी गाडी आणि ती घरापर्यंत नेता येत नाही, अशी अनेकांची अवस्था.

डिझेल युरोपात फोफावलं त्यात इंजिनाची हुशारी होतीच, पण कराचाही हात होता. जर्मनीत आजही डिझेलवर लिटरला ४७ सेंट इंधनकर, पेट्रोलवर ६५. भारतात वेगळं काय झालं? ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले, त्याआधी पेट्रोल-डिझेलमधली दरी बघूनच लोक डिझेल घ्यायचे. आता तोच न्याय इलेक्ट्रिकला, कर ५ टक्के. उद्या तो १८ केला तर तीन_फेज यांचं गणित काय सांगेल?

तीन_फेज

गाडी महागेल, किलोमीटरचा खर्च नाही वाढणार. घाटवाट यांच्याइतकं चालवणाऱ्याला तरीही परवडेल.

घाटवाट

बंदीचा धोका मान्य, दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद करण्याचा नियम बघितलाय. पण माझ्या दहा वर्षांत अडीच-तीन लाख किलोमीटर होतात, तोवर गाडीनं आपले पैसे फेडलेले असतात. ठाण्याच्या ताईंसारखं वापरायचं असेल तर डिझेल घेऊच नये, तिथे वाद नाही. आणि पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, त्यानं मायलेज पडतं, हे हायब्रीडवाल्यांनी हिशेबात धरलंय का? आम्ही ऊसवाले, इथेनॉल आम्हाला हवंच आहे, पण स्वतःच्या टाकीत नको!

ठाण्याची_मी

माझे १९-२० इथेनॉलसकटच आहेत.

पाना_नंबर_१३

घाटवाट, तुमच्या रनिंगला घ्या डिझेल. युरिया संपू देऊ नका, टाकी रिकामी झाली की एकदा बंद केलेली गाडी परत चालू होत नाही, आणि युरिया म्हणजे पाणीच समजून त्या टाकीत साधं पाणी ओतू नका, एकानं ओतलंय. फिल्टरचा दिवा लागला की हायवेला अर्धा तास तिसऱ्या-चौथ्या गिअरात पळवा. फक्त पोरगं ती गाडी पुण्याला कॉलेजला नेणार असंल तर नको. त्याला पेट्रोल द्या.