दोन सिद्धांतांची मोट बांधावी का?

मुक्ताफळ:
पीएचडीचा विषय मुंबईचे डबेवाले. (हो, पुन्हा तेच. हसून घ्या.) १८९० पासूनचा धंदा, डोक्यावर साहेब नाही, तरी डबा वेळेवर पोचतो कसा? मी दोन सिद्धांत घेतलेत. अर्थशास्त्रज्ञ विल्यमसनचा व्यवहार-खर्चाचा: संधी मिळाली की माणूस फसवू शकतो, म्हणून नियम आणि देखरेख लागते. दुसरा समाजशास्त्रज्ञ ग्रॅनोव्हेटरचा: व्यवहार नात्यागोत्यात रुतलेले असतात. डबेवाले बहुतेक मावळ, खेड, जुन्नरकडचे, म्हणून तो. गाईड म्हणतात, "एकच घे, लवकर सुटशील." तुम्हाला काय वाटतं?

तिरपागडा:
गाईडचं ऐक. ग्रॅनोव्हेटरने १९८५चा तो लेख लिहिला तोच मुळी विल्यमसनशी भांडायला. आणि तू दोघांना एकाच पाटीत घालून लोकलमध्ये चढवणार? दुसऱ्या प्रकरणात माणूस संधिसाधू आणि चौथ्यात भावकीला जागणारा, असं झालं तर व्हायवात सोलून काढतील. संघटनांचे अभ्यासक बुरेल आणि मॉर्गन यांनी १९७९मध्येच बजावलंय की वेगवेगळ्या वैचारिक चौकटी एकत्र नांदत नाहीत.

जुनीखोड:
बुरेल-मॉर्गन इथे कशाला? ते वास्तव म्हणजे काय, इतक्या मुळाशी जाऊन बोलत होते. हे दोघे माझ्या मते एकाच चौकटीतले भांडखोर शेजारी आहेत, आणि भांडतात म्हणूनच दोघेही हवेत.

टोपीचंच बघा. कामावर पांढरी टोपी नसेल तर डबेवाल्याला दंड बसतो. विल्यमसनवाला म्हणेल, घ्या, देखरेख. मग नुसत्या दंडावर भागतं तर नवा गडी गावाकडचाच का आणतात? आणि ग्रॅनोव्हेटरवाल्याला विचारा, सगळे आपलेच, तर दंड कशाला? एकच सिद्धांत धरून बसलात तर यातला एक प्रश्न सुचणारच नाही. राज्यशास्त्रज्ञ ॲलिसनने १९७१मध्ये क्यूबाच्या क्षेपणास्त्र पेचप्रसंगावर तीन प्रारूपं अशीच ओळीने लावली आणि एकाला न दिसलेलं दुसऱ्याकडून काढून घेतलं.

तिरपागडा:
टोपी आवडली. पण ॲलिसनने प्रारूपं वेगळी ठेवली, मुक्ताफळला ती जोडायचीत. आणि भावकीत दंड नसतो हे कोणी सांगितलं? आमच्या भिशीत हप्ता चुकला तर सख्ख्या काकाकडूनही दंड घेतात, आणि काका निमूट देतात. का देतात? चारचौघांत नाव जाईल म्हणून. म्हणजे दंडसुद्धा नात्यामुळेच वसूल होतो. ग्रॅनोव्हेटर एकटा पुरतो की!

चहाटळ:
अवांतर: सिक्स सिग्मावर (जवळजवळ शून्य चुकांचा दर्जा) प्रकरण लिहू नकोस, हात जोडतो. 'फोर्ब्सने डबेवाल्यांना त्याचं प्रमाणपत्र दिलं' असं सगळे सांगतात. पण फोर्ब्स हे नियतकालिक आहे, ते प्रमाणपत्रं वाटत नाही.

मुक्ताफळ:
चहाटळ, ते प्रकरण कालच उडवलं.

तिरपागडा, काकांना सूट कधीच मिळाली नाही? तिथेच गोम आहे. मुकादमांना विचारते, दंडाची नोंद ठेवता का. आपल्या गावच्याला आणि परक्याला सारखाच दंड असेल तर विल्यमसनचं पारडं जड. गाववाल्याला सोडत असतील, किंवा उलट त्यालाच जास्त झोडत असतील, तर ग्रॅनोव्हेटर. म्हणजे जोडत नाही, झुंजवते. गाईडना अजून सांगितलेलं नाही.